वेळेवर ओरड

देशाच्या संघासाठीच्या शिबिरात पहिल्याच सामन्यात ऋतुजा आतिग्रेच्या पायाशी चेंडू होता आणि कुणीतरी ओरडलं, "मॅन ऑन!" पोरींच्या खेळात माणूस कुठला आला, म्हणून ती मैदानाच्या कडेला बघायला लागली. तेवढ्यात पाठीमागून आलेल्या मुलीने चेंडू काढून घेतला आणि गोल केला. मागे कुणीतरी आहे, एवढाच त्या आरोळीचा अर्थ होता.

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या ऋतुजाला खेळ येत होता, अडत होतं ते इंग्रजीपाशी. निवडीला आठवडा उरला होता. जेवताना, केस विंचरताना ती मैदानावरचे इंग्रजी शब्द पुटपुटायची. झोप उडाली, शब्द पाठ झाले. पण शेवटच्या सामन्यात तिच्या तोंडून एकही वेळेवर निघेना.

मध्यंतरात कोचबाई शेजारी येऊन बसल्या. "गप्प का खेळतेस?"

"मॅडम, शब्द आठवंस्तोवर बॉल पुढं जातोय."

"मग तुझ्या भाषेत ओरड. पण वेळेवर ओरड."

उत्तरार्धात समोरची एक खेळाडू एकटीच गोलकडे सुटली. "भाईर ये की गं, भवाने!" ऋतुजा जिवाच्या आकांताने ओरडली. मेघालयची गोलकीपर दाफिशा त्या आवाजासरशी पुढे धावली आणि तिने चेंडूवर झेप टाकली.

संध्याकाळी यादीत दोघींची नावं लागली. दाफिशाने हिंदीत विचारलं, "तू मला काय म्हणालीस?"

ऋतुजाने अर्थ नीट समजावून सांगितला. फक्त शेवटचा शब्द गाळला.