तिसरी टाळी

मी मारुंजीत गातो, नदीम निघोज्यात ढोलकी वाजवतो. व्हिडिओ कॉल लावून आपापल्या घरी रेकॉर्ड करतो. दोन्ही रेकॉर्डिंग नंतर जुळवता यावीत म्हणून सुरुवातीला दोघं एकेक टाळी वाजवतो.

आज प्रत्येक वेळी तीन टाळ्या येत होत्या.

"एकदाच वाजव ना राव! सुट्टीचा सगळा दिवस टाळ्यांत गेला."

"भावा, एकच वाजवली. जास्तीची तुझ्याकडची असेल."

मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, घामानं भिजलो. पुन्हा तीनच.

माझं डोकं फिरलं. "आता कुणीच वाजवायची नाही. दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धर."

त्यानं धरले. मीही धरले.

टाळी वाजली.

आणि नेहमीसारखी त्याची ढोलकी सुरू झाली.

नदीमचे दोन्ही हात अजून कॅमेऱ्यासमोरच होते.