तीन स्क्रीनचा कॉम्प्युटर

माझी बायको छाया गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच दुपारी खामगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराचाही आला. "भाऊ, वहिनीचं ग्राफिक्स कार्ड आलं." मी फोन आपटला. आमच्या फ्लेक्सच्या दुकानात तीन स्क्रीनवर एकदम कामं व्हावीत म्हणून प्रोसेसर आणि कार्ड तिनेच पारखून निवडलं होतं. तेव्हा हाच दुकानदार हसला होता, "बाईले एवढी भारी मशीन कायले लागते? गेम खेळते का?"

तेरवीचं जेवून हात धुता धुता एक जण म्हणाला, "हिंमतराव, साहेबाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कधी भेटन?" त्याला तिथेच हाकललं.

आमच्या मोताळ्यात कोणीही वारलं, तरी श्रद्धांजलीचा फ्लेक्स छायाच करायची.

 

तिचा अजून कोणी केलेला नाही.