डावा पाय

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून मिस्त्रीने ओलं फडकं ठिणगी देणाऱ्या कॉइलवर दाबलं, आणि इतका वेळ खोकत, गचके खात असलेलं इंजिन हळूहळू सुतासारखं सरळ झालं.

त्याने फडकं काढलं. थोड्या वेळाने कॉइल तापली आणि इंजिन पुन्हा अडखळायला लागलं. परत फडकं, परत ठीक. आतली तार तापली की तुटत होती, गार झाली की जुळत होती. दुसरा कुणी मिस्त्री असता तर दोष सापडला म्हणून खूश झाला असता. याला वाटलं, सापडला नसता तर बरं, कारण गाडी त्याच्या सासऱ्यांची होती.

सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवलेली. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यावर ही जुनी गाडी घेतली, तेवढीच हौस. गेल्या वर्षी ती मधेच मिसिंग मारायला, गचके खायला लागली. "जावईबापू, गरम झाल्यावर बघा हो एकदा," ते दर वेळी सांगायचे. पण घरची गाडी म्हणजे तिचा नंबर सगळ्या गिऱ्हाइकांच्या मागे. मिस्त्री ती संध्याकाळी ठेवून घ्यायचा आणि सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या, हात मोकळे असताना, बघायचा. रात्रभर थंड झालेली गाडी, दाताच्या दवाखान्याच्या दारात दुखायचा थांबणाऱ्या दातासारखी, एकदम शहाणी होऊन चालायची. प्लग बघितले, पॉइंट बघितले, वायरी बघितल्या. शेवटी एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, "गाडीला काही धाड भरलेली नाही. मामांचा डावा पाय आता क्लचवर नीट बसत नाही."

बोलला सहज, पण शब्द पडला मिस्त्रीचा. जेवणं आटपायच्या आत बायकोने वडिलांकडून किल्ली मागून घेतली. सासरे वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी किल्ली काढून दिली, आपल्याच पायाकडे एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते जिना कठड्याला धरून उतरायला लागले.

आज तीच गाडी विकण्यासाठी एकाला दाखवायला मिस्त्री निघाला होता. सिग्नलच्या लांबलचक रांगेत ती तापली आणि तिने त्याला खरं काय ते सांगितलं.

नवी कॉइल टाकून गाडी विकून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हा विचार मिस्त्रीच्या मनात आला आणि, खोटं कशाला बोला, गॅरेजमध्ये नवी कॉइल बसवून होईपर्यंत घोळत राहिला. मग त्याने त्या माणसाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं आणि घरची वाट धरली.

सासरे दारासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"मामा, चूक माझी होती," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "कॉइल गेली होती. गरम झाली की ठिणगीच द्यायची नाही. तुम्ही कानीकपाळी ओरडून सांगत होता आणि मी थंड गाडी बघत बसलो. तुमच्या पायाला काही झालेलं नव्हतं."

त्याने पुढे केलेली जुनी कॉइल सासऱ्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. आता चार शब्द सुनावतील म्हणून मिस्त्री मान खाली घालून थांबला. सुनावले असते तर त्याला बरंच वाटलं असतं.

"म्हणजे पाय नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता मामा."

"मग आणा ती किल्ली."

ते स्टिअरिंगवर बसले. सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला. मिस्त्री शेजारी बसला. मिस्त्रीची बायको हात पुसत घराच्या खिडकीत येऊन उभी राहिली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. चांगलं गरम होतं, तरी त्यात खोट काढायला जागा नव्हती. सासऱ्यांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि पाय सोडायला सुरुवात केली.

गुडघा थरथरायला लागला. त्यांनी मांडी हाताने दाबून धरली. पाय सटकला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच झालं.

मिस्त्रीला त्या गुडघ्याकडे बघवेना. वर्षापूर्वी हा पाय ठणठणीत होता. त्याला आजारी आपण पाडलं, तेही जेवता जेवता.

"काय झालं?" बायकोने खिडकीतून विचारलं. "पायच ना शेवटी?"

"पाय कसला?" मिस्त्री दार उघडून झटकन उतरला. "गाडीच आहे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकलाय."

त्याने बॉनेट वर केलं. काहीही न बिघडलेल्या त्या इंजिनावर वाकून त्याने एक नट सैल केला आणि परत आवळला.

"जावईबापू," आतून आवाज आला. "हे काम काही एका दिवसात व्हायचं नाही."

"नाही मामा. रोज संध्याकाळी बघू."

बॉनेटच्या आडून त्याला सासरे दिसत नव्हते. इंजिनाच्या बाजूने गेलेली क्लचची केबल तेवढी दिसत होती. ती ओढली गेली, थरथरली, सुटली. मग पुन्हा ओढली गेली.