पितळी आकडे

नूपुरनं डबीतून काहीतरी उचललं, मूठ मिटली आणि आपल्या खोलीत जाऊन कडी लावली. सोफ्यावर पडलेल्या यमुताईंनी एका डोळ्यानं सगळं पाहिलं. दुसरा मिटलेलाच ठेवला. भावाच्या घरी पाहुणी म्हणून आलं की झोपेचं सोंग नीट वठवता यावं लागतं.

डबी दत्तोपंतांची, म्हणजे यमुताईंच्या मोठ्या भावाची. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस बेसाच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीशी बसून दिवसभर लहानशा शिडाच्या होडीचं सामान करायचा. पितळी तारेचे नखाएवढे आकडे, शर्टाच्या बटणाएवढ्या कप्प्या. होडी त्यांच्या मुलाची, नूपुरच्या नवऱ्याची, उन्मेषची. हातभर लांब, पण खऱ्या वाऱ्यावर चालणारी. फुटाळा तलावावरच्या शर्यतीत उतरवायची म्हणून त्यानं ती करायला घेतली, आणि मागच्या वर्षी तोच गेला. होडी अर्धीच राहिली. शिडाची दोरी त्या आकड्यांत अडकते. आकडा वाकडा असला की भर पाण्यात शीड सुटतं. एवढं आता यमुताईंनाही कळायला लागलं होतं.

आणि दादाचा हात थरथरतो, हेही दिसत होतं. सुनेनं आणलेला चहा निम्मा बशीत सांडायचा. तिच्यासमोर तार पकडीत धरली की ती डुगडुगायची. बाकी माणूस तसाच टापटिपीचा. सकाळी वडलांच्या जुन्या वस्तऱ्यानं गुळगुळीत दाढी करून, भांग पाडून खिडकीशी हजर. असल्या देवमाणसाला त्याच्याच घरात लुबाडायचं म्हणजे कमाल झाली!

दिवाळीत यमुताई कुहीहून आल्या होत्या, तेव्हा नूपुर ताटावरून उठून जायची. भाजी आणायलासुद्धा जिना उतरत नव्हती. आता तीच मुलगी कणीक मळताना गुणगुणत होती. उन्मेषचा मित्र सौरव खाली गेटपाशी येऊन पुडी देऊन जायचा, ती ओढणीत लपवून वर आणायची. कुठंतरी पाणी मुरत होतं. चांगलंच मुरत होतं.

नूपुर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा यमुताईंनी भावाला गाठलं.

"दादा, तुह्या घरात चोर आहे."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुही सून! दुपारी तू आत झोपला की ही डबीतलं सामान उचलून नेते. त्या सौरवले विकून राहिली असंल."

दत्तोपंतांनी डबीत डोकावून पाहिलं. "डबी तर भरलेली आहे."

"तेच तं! तुह्ये नेते अन् दुसरेच आणून ठेवते. काहून? सांग बरं, काहून?"

दत्तोपंतांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "यमे, तिला काही विचारू नकोस. माझी शपथ आहे तुला."

"अशानंच घर बुडते, दादा."

"नाही बुडत," असं म्हणून त्यांनी पुन्हा तार हातात घेतली.

शपथ मोठी खरी, पण भावाचं घर त्याहून मोठं. दुसऱ्या दिवशी दुपारी नूपुर भाजी आणायला खाली गेली आणि यमुताई तिच्या खोलीत शिरल्या. कपाटात कपड्यांमागे सुपारीचा डबा होता. त्यांनी झाकण उघडलं. आत पितळी आकडे. एकजात सगळे वाकडे. शेजारी कानस, बारीक पकड आणि सौरवच्या पुडीत गुंडाळलेली नवी तार.

"आत्या?"

नूपुर दारात उभी होती, हातात मेथीची जुडी.

"हे काय आहे वं?" यमुताईंनी डबा पुढं केला. आवाज चढायला हवा तेवढा चढला नाही. दुसऱ्याच्या कपाटात हात घालून उभं असताना तो चढत नाही.

नूपुरनं आधी दार लोटून घेतलं. "हळू बोला ना, बाबा ऐकतील. अहो, त्यांचा हात स्थिर राहत नाही आता. आकडे वाकडे होतात. एकदा मी त्यातला एक काढून दुसरा नीट करून ठेवला, तर त्यांना कळलंच नाही. इतके खूश झाले! म्हणाले, अजून जमतंय बरं का मला. तेव्हापासून मी रोज बदलते. सौरव तार आणून देतो. बाबांना कळलं तर ते होडीच सोडतील, आत्या. मग त्यांना जगायला काय राहील?"

"अन् हे वाकडे काहून ठेवले?"

"टाकवत नाहीत."

यमुताईंना रडूच फुटलं. "मी तुले चोट्टी समजली वं, पोरी."

"समजा हो," नूपुर हसली. "रविवारी फुटाळ्याला चला मात्र. होडी मीच सोडणार आहे पाण्यात."

यमुताईंनी डोळे पुसले. दादाला यातलं अक्षरही सांगायचं नाही, असं त्यांनी तिला वचन दिलं. बिचाऱ्याच्या त्या थरथरत्या हातावरून एकदा हात फिरवावा असं त्यांना फार वाटलं. त्या हॉलकडे निघाल्या.

दत्तोपंत उठून खिडकीशी येऊन बसले होते. त्यांची पाठ दाराकडे होती, हात उजेडात स्वच्छ दिसत होते. त्यांनी तार पकडीत धरली, एका दमात वळवली, टोकावरून कानस फिरवली. हात तसूभरही हलला नाही. आकडा असा नेटका झाला, की दुकानातला वाटावा. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला, समाधानानं मान हलवली. मग पकडीनं त्याचं टोक जपून वाकडं केलं आणि डबीत टाकला.

"बाबा, चहा ठेवते हं," मागून नूपुरचा आवाज आला, आणि दत्तोपंतांचा हात थरथरायला लागला.