परत न आलेली वाटी

“तुझी वाटी परत आली नाही, तर समज मी पडलेय,” समोर एकट्या राहणाऱ्या खासनीसकाकू म्हणायच्या. “काहीतरीच काय, काकू,” मी हसायचे.

लेकीला दूध-चीज चालत नाही, म्हणून पास्त्याचा सॉस मी मसूर शिजवून दाट करते. त्यातला वाटीभर काकूंचा. “छान झालं हो तुझं इटालियन वरण,” म्हणत दुसऱ्या दिवशी त्या वाटी परत द्यायच्या. रिकामी कधीच नाही.

मागच्या आठवड्यात लेकीला ताप होता, वाटीचं लक्षातच आलं नाही. चौथ्या दिवशी दार फोडलं, तेव्हा काकू गेलेल्या होत्या. ओट्यावर माझी घासलेली वाटी होती, आत लेकीसाठी चार खारका.

आज सॉस वाटीभर उरला. तुमचं भांडं कुणाकडे राहिलं असेल, तर जाऊन बेल वाजवा.