पावशेर द्राक्षं

जुन्या पिक्चरच्या सीड्या हुडकण्यात अख्ख्या पनवेलमध्ये कर्णिकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाकीचे शौकीन कळंबोलीच्या भंगारात धूळ खात हिंडायचे, कर्णिक मात्र थेट आजाऱ्याचं घर गाठायचे. एखाद्या शौकिनाचं दुखणं आता बरं होणारं नाही, अशी कुणकुण लागली की पावशेर द्राक्षं घेऊन जायचे, उशाशी बसून दोन गोड शब्द बोलायचे आणि निघताना दारात त्याच्या बायकोला हळूच म्हणायचे, "वहिनी, घाई नाही. पण सगळं आटोपलं की सीड्यांचं आधी मला कळवा."

ही युक्ती त्यांनी फक्त आपल्या जिवलग मित्राला, टिपणीसला शिकवली होती.

गेल्या महिन्यात कर्णिकांच्याच पोटात दुखायला लागलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी कर्णिकांच्या बायकोला, शालिनीबाईंना, एकट्यांनाच आत बोलावलं. "साधा अल्सर आहे हो," बाहेर येऊन त्या हसत म्हणाल्या, आणि कर्णिक निर्धास्त झाले.

रविवारी टिपणीस द्राक्षं घेऊन आला. उशाशी बसून भरभरून बोलला. मग शालिनीबाई त्याला पोचवायला दारापर्यंत गेल्या, आणि पलंगावर पडल्या पडल्या कर्णिकांना ऐकू आलं,



"वहिनी, घाई नाही."