बाबांचे तेवढे फोटो

धाकट्या बहिणीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा दादाने घरच्या कॉम्प्युटरमधून तिचा एकेक फोटो वेचून पुसला. माणूसच तसा, कामात कसर नाही. पुढे बाबा गेले, तेही तिला परक्यांकडून कळलं. आता हार्ड डिस्क करकरायला लागली, दुरुस्तीच्या दोन दुकानांनी हात टेकले आणि दादाला धाकटीच्या दुकानाचा पत्ता बरोबर सापडला.

“ये हरी,” ती म्हणाली. “गाढव दुकानातच आहे.”

“टोमणे नंतर मार. बाबांचे फोटो तेवढे काढून दे. दुसरीकडे एकही नाही.”

तिने डिस्क कानाशी धरली. “नुसती धुगधुगी उरलीय. थोडेच निघतील, मग ही कायमची जाईल. आधी कुठले काढू?”

“कुठलेही काढ गं. बाबा दिसले म्हणजे झालं.”

संध्याकाळी दादाने पेन ड्राइव्ह तिथेच लावून पाहिला. बाबा दिसत होते. त्यांच्या खांद्यावर धाकटी. सायकलमागे धावताना बाबा, सायकलवर धाकटी. तिची वेणी घालताना तोंडात रिबन धरलेले बाबा.

“बाकीचे?”

“डिस्क गेली. पुसलेले फोटोही निघतात, दादा. मी तेच आधी काढले.”

“मुद्दाम केलंस!”

“मुद्दामच. आता बाबांना बघायचं, तर माझं तोंड बघावं लागेल.”